ओझर मिग: दोन महासत्तांच्या भांडणात नाशिकला विमानांचा कारखाना कसा मिळाला?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा लोकलमध्ये, एसटीत नेटवर्क जातं, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, थोडं नीट करून.

आजचा विषय ऐकायला जड वाटेल: एक लोकशाही महासत्ता आणि एक हुकूमशाही महासत्ता यांच्यातली राजकीय आणि आर्थिक स्पर्धा. म्हणजे अमेरिका विरुद्ध सोव्हिएत युनियन. पण त्यासाठी आपल्याला वॉशिंग्टन किंवा मॉस्कोला जायची गरज नाही. नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने पिंपळगाव बसवंतच्या दिशेने निघा. साधारण वीस किलोमीटरवर ओझर येतं. अष्टविनायकातलं ओझर नव्हे हं, ते जुन्नरचं. हे निफाड तालुक्यातलं. इथले जुने लोक आजही 'ओझर मिग' म्हणतात. गावाच्या नावापुढे एका रशियन विमानाचं नाव चिकटलंय आणि कुणाला त्यात काही विचित्रही वाटत नाही.

मला प्रश्न पडला तो हा: कांदा-द्राक्षांच्या पट्ट्यात, जिथे आधी विमानाचा कसला उद्योगच नव्हता, तिथे १९६४ साली जगातल्या सगळ्यात वेगवान लढाऊ विमानांपैकी एकाचा कारखाना का आला? आणि लोकशाही भारताला तो लोकशाही अमेरिकेने का दिला नाही, कम्युनिस्ट हुकूमशाहीने का दिला?

आधी पार्श्वभूमी: १९५४ ते १९६२

दुसरं महायुद्ध संपलं आणि दोन महासत्ता समोरासमोर उभ्या राहिल्या. थेट लढाई परवडणारी नव्हती, कारण दोघांकडे अणुबॉम्ब. मग स्पर्धा सुरू झाली ती नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांमध्ये. कोण कुणाला धरण बांधून देतं, कोण धान्य देतं, कोण शस्त्रं देतं.

अमेरिकेने दक्षिण आशियात पहिली मोठी खेळी पाकिस्तानसोबत केली. मे १९५४ मध्ये दोघांत लष्करी मदतीचा करार झाला. पाकिस्तान सिएटोत गेला, नंतर बगदाद करारात गेला, आणि त्याला सेबर जेट मिळायला लागली. १९५८ साली तिथे अयूब खानांनी लष्करी सत्ता आणली, तरी मदत थांबली नाही. १९६१ पासून तर एफ-१०४ स्टारफायटर आली. आवाजाच्या दुप्पट वेगाने उडणारं विमान. संख्या फक्त १२, पण भारताकडे त्या तोडीचं एकही नव्हतं.

इथे पहिली गोष्ट लक्षात घ्या. 'लोकशाही विरुद्ध हुकूमशाही' ही भाषा भाषणांत होती. व्यवहारात लोकशाही अमेरिका लष्करशहाला शस्त्रं देत होती आणि निवडणुका घेणाऱ्या भारताकडे संशयाने बघत होती. कारण भारत कुठल्याच गटात जायला तयार नव्हता.

सोव्हिएत युनियनने ही फट बरोबर हेरली. १९५५ च्या शेवटी ख्रुश्चेव आणि बुल्गानिन भारतात आले. 'हिंदी-रूसी भाई भाई'च्या घोषणा झाल्या. त्याच वर्षी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, अडीच टक्के व्याजाने. हा प्रभाव महाराष्ट्रातही दिसत होता. अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियाला जाऊन आले आणि त्यांनी त्यावर प्रवासवर्णन लिहिलं. रशियन गोष्टींची मराठीत भाषांतर केलेली स्वस्त पुस्तकं लोकवाङ्मय गृहातून घरोघरी गेली. तुमच्या आई-बाबांना विचारा, सोव्हिएत मासिकांचा गुळगुळीत कागद वह्यांना कव्हर घालायला कसा भारी असायचा ते.

अमेरिका मागे होती असं मात्र नाही. १९५६ साली पीएल-४८० खाली अमेरिकन गहू यायला लागला. किती तरी घरांतल्या चुली त्या गव्हावर चालल्या. आपल्याकडचं गाजरगवत, ज्याला लोक काँग्रेस गवत म्हणतात, तेही त्याच गव्हाबरोबर आलं असं मानतात. हे तण पहिल्यांदा नोंदवलं गेलं ते पुण्यात, १९५०च्या दशकात. म्हणजे महासत्तांची स्पर्धा आपल्या शेताच्या बांधावर अक्षरशः उगवली होती.

रुपयाची गंमत

आता थोडं अर्थशास्त्र. घाबरू नका, सोपं आहे.

१९५७-५८ मध्ये भारताकडे परकीय चलनाची प्रचंड टंचाई झाली. बाहेरून काही घ्यायचं तर डॉलर किंवा पाउंड लागतात, आणि तेच संपत आलेले. अशा वेळी सोव्हिएत युनियन म्हणालं, आम्हाला रुपये चालतील.

हे कसं चालायचं? समजा भारताने मशीन घेतलं. त्याची किंमत रुपयांत भारतातल्याच खात्यात जमा झाली. ते रुपये सोव्हिएत युनियन बाहेर नेऊ शकत नव्हतं, डॉलरमध्ये बदलू शकत नव्हतं. मग त्या रुपयांत ते भारताकडूनच माल घ्यायचं: चहा, ताग, काजू, कातडं, कापड. म्हणजे आपण आसामचा चहा आणि केरळचा काजू देऊन पोलादाची मशिनं घेत होतो. मोठ्या प्रमाणावरची अदलाबदलच ही, फक्त हिशोब रुपयात.

अमेरिकेचा गहूसुद्धा रुपयात मिळायचा बरं का. दोघांनाही रुपये चालत होते. फरक होता तो कशासाठी चालतात यात. गव्हासाठी अमेरिका रुपये घ्यायला तयार होती, पण सुपरसॉनिक विमानासाठी नाही. आणि कारखान्यासाठी तर मुळीच नाही. बोकारोचं उदाहरण घ्या. भारताने पोलाद कारखान्यासाठी अमेरिकेकडे मदत मागितली. केनेडी अनुकूल होते. पण कारखाना सरकारी मालकीचा होणार म्हणून अमेरिकन काँग्रेसमध्ये जोरदार विरोध झाला आणि १९६३ मध्ये भारताने मागणी मागे घेतली. पुढे बोकारो सोव्हिएत मदतीने उभं राहिलं.

म्हणजे बघा, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष 'हो' म्हणत होता तरी काम झालं नाही, कारण तिथे संसदेला विचारावं लागतं. मॉस्कोत तसं कुणाला विचारायचं नव्हतं. पक्षाच्या वरच्या मूठभर लोकांनी ठरवलं की झालं. ज्याला तातडीने गरज आहे त्याला अशा वेळी हुकूमशाही जास्त कार्यक्षम वाटते. हा मोह तेव्हाही होता, आजही आहे. थोडं थांबा, याच्याकडे परत येऊ.

१९६२: करार, युद्ध आणि सह्याद्री

स्टारफायटरला उत्तर म्हणून भारताने मिग-२१ कडे मोर्चा वळवला. विमानं विकत घ्यायची एवढंच नाही, इथे बनवायची, ही अट होती. ही बातमी कळल्यावर वॉशिंग्टन आणि लंडनमध्ये धावपळ झाली. ब्रिटिश लाइटनिंग विमानं सवलतीत देऊ, अशी बोलणी झाली. पण लायसन्स, उत्पादन आणि रुपयात परतफेड असं सगळं पॅकेज फक्त मॉस्कोकडे होतं. ऑगस्ट १९६२ मध्ये करार झाला.

सोव्हिएत युनियन इतकं उदार का झालं? कारण त्याचं चीनशी फाटलं होतं. १९६० साली त्यांनी चीनमधले आपले तज्ज्ञ परत बोलावले होते. आशियात चीनला तोलणारा कुणीतरी हवा होता. भारतावरचं प्रेम त्यात किती आणि हिशोब किती, हे पुढच्या दोन महिन्यांतच दिसलं.

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला. त्याच आठवड्यात क्युबात अणुयुद्धाची वेळ आली. ख्रुश्चेवना त्या क्षणी चीनला दुखवायचं नव्हतं. 'प्रावदा'ने चीनच्या बाजूने झुकणारी भूमिका घेतली आणि मिगचा विषय लांबणीवर पडला. आणि मदतीला कोण आलं? अमेरिका. नेहरूंनी १९ नोव्हेंबरला केनेडींना पत्रं लिहून लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रन मागितल्या. त्याआधीच अमेरिकेची शस्त्रं यायला लागली होती, मग हर्क्युलिस मालवाहू विमानंही आली. म्हणजे विमानाचा करार एकाशी, आणि संकटात धावून आला दुसरा. ज्यांना इतिहासात एक हिरो आणि एक व्हिलन हवा असतो त्यांची इथे पंचाईत होते.

दिल्लीत लोक खवळले. संसदेत, स्वतःच्या पक्षातही विरोध इतका वाढला की संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं. त्यांच्या जागी नेहरूंनी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना बोलावलं. यशवंतराव चव्हाण. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य तेव्हापासूनचं. यशवंतरावांना लोकसभेत जायला मतदारसंघ हवा होता. १९६३ सालच्या पोटनिवडणुकीत ते बिनविरोध निवडून आले, आणि तो मतदारसंघ होता नाशिक.

ऑगस्ट १९६३ मध्ये मिगसाठी एरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली. काम तीन राज्यांत वाटलं गेलं. इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, आणि विमानाचा सांगाडा व जोडणी ओझरला. ओझरच्या बाजूने बरंच काही होतं: सपाट जमीन, सीमेपासून लांब, मुंबई-पुण्याचे उद्योग जवळ. आणि संरक्षणमंत्री नाशिकचे, हेही होतंच. १ ऑक्टोबर १९६४ ला ही कंपनी बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विलीन झाली आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे आपलं एचएएल, तयार झालं.

मे १९६४: वॉशिंग्टनमधलं 'नाही'

कहाणी इथे संपायला हवी होती, पण यशवंतरावांनी दुसरं दार बंद केलं नव्हतं. मे १९६४ मध्ये ते अमेरिकेला गेले. त्यांच्या यादीत एफ-१०४ होतं. तेच, जे पाकिस्तानला आधीच मिळालं होतं.

अमेरिकेचं म्हणणं असं: हे विमान महाग आहे, सांभाळायला कठीण आहे, तुमच्या गरजेचं नाही. न बोललेलं कारण म्हणजे पाकिस्तान. दौरा चालू असतानाच २७ मे रोजी नेहरू गेले आणि यशवंतराव तातडीने परतले. काही मदत अमेरिकेने पुढे दिली, पण स्टारफायटर नाहीच. मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ते मॉस्कोला गेले आणि मिगच्या कारखान्यासकट मोठा करार घेऊन आले.

पुढच्याच वर्षी, १९६५ च्या युद्धात, अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान दोघांचीही शस्त्रं थांबवली. फटका जास्त कुणाला बसला? पाकिस्तानला, कारण त्याची सगळी मदार एकाच पुरवठादारावर होती. आमच्या आयटीत याला व्हेंडर लॉक-इन म्हणतात. एकाच कंपनीच्या क्लाउडवर सगळं टाकलं की किंमत तो ठरवतो, आणि सेवा बंद कधी करायची तेही तोच ठरवतो. हे तेव्हा बघून दिल्लीने काय शिकायला हवं होतं, आणि खरंच शिकली का, ते पुढे बघू.

ओझरला नेमकं काय मिळालं?

लायसन्सवर उत्पादन म्हणजे काय, हे समजून घेऊ. सुरुवातीला तयार भागांचे संच आले आणि ओझरला ते जोडले गेले. मग हळूहळू भाग इथे बनायला लागले. १९७० पर्यंत कच्च्या मालापासून विमान उभं करण्यापर्यंत मजल गेली. ड्रॉइंग रशियन भाषेत. ती समजून घ्यायची, भाषांतर करायची. सोव्हिएत तज्ज्ञ इथे राहायला आले, आपले इंजिनिअर तिकडे गेले. शेतकऱ्यांच्या जमिनींवर टाउनशिप उभी राहिली. फिटर, टर्नर, वेल्डर, तपासनीस अशी कुशल माणसं तयार झाली. एक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम करायची सवय असलेली एक पिढीच म्हणा ना. पुढे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जे यंत्रकाम चाललं, त्याला लागणारा हात आणि डोळा शहरात रुजला तो अशा मोठ्या उद्योगांमुळे.

ओझरहून मिग-२१ ची तीन रूपं निघाली: एफएल, एम आणि बिस. मिळून पाचशेपेक्षा जास्त विमानं. त्यानंतर मिग-२७, त्यानंतर सुखोई-३०.

पण सोर्स कोड मिळाला का? माझ्या धंद्यातली तुलना करतो. तुम्हाला एखादं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करता येतं, चालवता येतं, बिघडलं तर पॅच लावता येतो, तरी ते असं का लिहिलंय हे माहीत नसतं. ओझरला विमान कसं बनवायचं ते मिळालं. पंखाचा आकार हाच का, अमुक मिश्रधातू का, डिझाइन बदलायचं तर कुठून सुरुवात करायची, हे ज्ञान मॉस्कोतच राहिलं. 'कसं' आणि 'का' यातलं हे अंतर भरायला आपल्याला अनेक दशकं लागली.

चीनने काय केलं ते बघा. त्यालाही १९६२ च्या सुमारास मिग-२१ चं लायसन्स मिळालं होतं. मग भांडण झालं, अर्धवट संच आणि अर्धवट कागद हातात राहिले. चिनी इंजिनिअरांनी ते उलगडून, चाचपडत स्वतःचं जे-७ बनवलं. सुरुवातीची विमानं वाईट होती. पण 'का' शोधावंच लागलं. तेच जे-७ पुढे एफ-७ नावाने पाकिस्तानात गेलं. म्हणजे ओझरच्या मिगचा चुलतभाऊ सीमेपलीकडे उभा होता.

कॉपीचा विषय निघालाच आहे तर अजून एक. मिग-२१ वर जे के-१३ क्षेपणास्त्र असायचं, ते मुळात अमेरिकन साइडवाइंडरची नक्कल. १९५८ साली तैवानच्या सामुद्रधुनीवरच्या लढाईत एक साइडवाइंडर न फुटता चिनी विमानात अडकून राहिलं आणि तिथून सोव्हिएत प्रयोगशाळेत पोचलं, असं सांगतात. लोकशाहीतल्या संशोधकांनी शोधलं, हुकूमशाहीने उचललं, आणि दुसऱ्या लोकशाहीला रुपयात दिलं!

१९७१ मध्ये या सगळ्याची परीक्षा झाली. १२ डिसेंबरला कच्छच्या आखाताच्या भागात भारतीय मिग-२१ ने पाकिस्तानचं एफ-१०४ पाडलं. सात वर्षांपूर्वी वॉशिंग्टनने जे विमान द्यायला नकार दिला, त्यालाच मॉस्कोने दिलेल्या विमानाने खाली आणलं. त्याच दिवसांत अमेरिकेची एंटरप्राइज युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे निघाली होती. तेव्हाच्या भारतीयांच्या मनात 'रशिया आपला, अमेरिका त्यांची' हे पक्कं बसलं ते का, हे समजायला फार कष्ट पडत नाहीत.

मग हुकूमशाही बरी होती का?

आता मघाशी बाजूला ठेवलेल्या मोहाकडे येऊ. कमेंटमध्ये नेहमी कुणीतरी लिहितं, 'लोकशाहीत नुसती चर्चा, हुकूमशाहीत कामं होतात.' ओझरची अर्धी गोष्ट सांगितली तर हे पटतंही.

उरलेली अर्धी अशी. मिगचा करार झाला त्याच वर्षी, जून १९६२ मध्ये, दक्षिण रशियातल्या नोवोचेर्कास्क शहरात रेल्वे इंजिन कारखान्याचे कामगार रस्त्यावर उतरले. कारण? मांस-लोण्याची भाववाढ आणि मजुरीत कपात. सैन्याने गोळ्या झाडल्या. २६ जण मेले, नंतर सात जणांना मृत्युदंड दिला. ही बातमी देशाच्या वर्तमानपत्रांत आलीच नाही. मृतांना रात्रीतून दूरच्या गावांत पुरलं. सत्य नीट बाहेर यायला जवळपास तीस वर्षं लागली. जो देश आपल्याला सुपरसॉनिक विमान देत होता, तो आपल्या कामगाराला लोणी महाग का झालं हे विचारू देत नव्हता.

आता आपल्याकडे या. मिग-२१ चे अपघात. हा विषय हळवा आहे, कारण नाशिकमध्ये हे विमान बनवणारे हात आहेत आणि देशभर त्यात मुलं गमावलेली घरं आहेत. मे २०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत सांगितलं की घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली, १७१ वैमानिकांचा जीव गेला, ३९ सामान्य नागरिकही गेले. हे आकडे सगळ्या प्रकारच्या मिगचे मिळून आणि चार दशकांचे आहेत.

कारणं अनेक होती. १९५०च्या दशकातलं डिझाइन, उतरताना ताशी ३०० किलोमीटरहून जास्त वेग, एकच इंजिन, पक्षी. आणि एक अगदी आपलं कारण: नवशिक्या वैमानिकाला हळू विमानावरून थेट मिगवर बसावं लागायचं, मधलं आधुनिक ट्रेनर विमानच नव्हतं. हवाई दलाने त्याची मागणी १९८०च्या दशकात केली. ब्रिटिश हॉक ट्रेनरचा करार झाला २००४ मध्ये आणि विमानं हवाई दलात रुजू झाली २००८ मध्ये. वीसेक वर्षं फायली फिरत होत्या. लोकशाहीचा हा दोष आहे आणि तो माणसांच्या जिवावर बेतला. तो लपवायचं कारण नाही.

पण हे आपल्याला माहीत आहे, ते का? कारण खासदारांनी विचारलं, मंत्र्याला उभं राहून आकडा द्यावा लागला, पेपरांनी छापलं, वैमानिकांच्या आयांनी आवाज उठवला. हॉक उशिरा आलं, पण दबावामुळे आलं. सोव्हिएत हवाई दलातही मिग कोसळत होती. तिथल्या आईला विचारायला कोणतं सभागृह होतं? सॉफ्टवेअरमध्ये ज्या सिस्टिमला एरर लॉग नसतो ती बाहेरून शांत दिसते. मग एक दिवस सगळीच बंद पडते. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत युनियनचं हेच झालं.

१९९१ नंतर: पुरवठादारच नाहीसा होतो

विचार करा, तुमचा एकमेव पुरवठादार एका सकाळी पंधरा देशांत विभागला गेला. मिगचा एक सुटा भाग रशियात, दुसरा युक्रेनमध्ये, तिसरा आणखी कुठे. रुपयाची जुनी व्यवस्था कोसळली. जुन्या कर्जाचा हिशोब कोणत्या दराने करायचा यावर वाद झाला. जानेवारी १९९३ मध्ये येल्त्सिन दिल्लीत आले तेव्हा तोडगा निघाला आणि पुढे अनेक वर्षं आपण ते कर्ज माल निर्यात करून फेडत राहिलो.

ओझरने त्या काळात जे केलं त्याचं कौतुक कमी झालं. सुट्या भागांची जुळवाजुळव, जुन्या विमानांची दुरुस्ती, आणि १२५ मिग-२१ बिसचं 'बायसन'मध्ये रूपांतर. नंतर २००० च्या करारानुसार सुखोई-३० एमकेआय ओझरला बनायला लागलं आणि आतापर्यंत दोनशेपेक्षा जास्त बनली.

या सगळ्या काळात दुसरी बाजू तरी भरवशाची होती का? १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लावले आणि तेजसच्या फ्लाइट कंट्रोलवर तिथे काम करणाऱ्या आपल्या टीमला परत यावं लागलं. त्याआधी, १९९३ मध्ये, अमेरिकेच्या दबावाखाली रशियाने क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान द्यायचं नाकारलं होतं. दोन्ही वेळा काम अडलं, आणि दोन्ही वेळा आपल्या लोकांनी ते इथे बसून पूर्ण केलं. ओझरला न मिळालेला 'का' हळूहळू असा मिळत गेला.

आज ओझरच्या धावपट्टीवर

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला गेला. १९६३ मध्ये पहिली स्क्वाड्रन तिथेच उभी राहिली होती. तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरला तेजस मार्क-१ए ची नवी उत्पादन लाइन सुरू झाली आणि तिथे बनलेलं पहिलं तेजस आकाशात गेलं. डिझाइन आपलं. रशियन लायसन्स नाही.

मग इंजिन कुणाचं? अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचं. योगायोग बघा, १९६४ मध्ये जे स्टारफायटर यशवंतरावांना नाकारलं गेलं, त्याचंही इंजिन जनरल इलेक्ट्रिकचंच होतं. तेजससाठी ९९ इंजिनांचा करार २०२१ चा. पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ मध्ये, ठरल्यापेक्षा बरंच उशिरा. सांगाडे तयार आणि इंजिनाची वाट बघणं चालू, अशी वेळ आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, रशियन तेल घेतो म्हणून, अमेरिकेने भारतीय मालावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेलं होतं.

आणि रुपया? तोही परत आलाय. मे २०२३ मध्ये रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी आपल्या शेजारी गोव्यात आले होते. तिथे त्यांनी सांगितलं की भारतीय बँकांत त्यांचे अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरता येत नाहीत. साठ वर्षांपूर्वी त्या रुपयांचा चहा आणि काजू व्हायचा. आता आपण त्यांच्याकडून घेतो भरपूर तेल, आणि ते आपल्याकडून तेवढं काही घेत नाहीत.

आता महासत्तांची जोडी बदलली आहे. अमेरिका आणि चीन. विषय चिप, बॅटरी, एआय. तुमच्या हातातल्या फोनमधला चिप कुणाच्या डिझाइनचा, कुठे बनला, उद्या कुणी तो द्यायला नकार दिला तर काय, हे प्रश्न १९६२ च्या मिगसारखेच आहेत. भारतात कारखाने येतायत ही आनंदाची बातमी आहे. फक्त प्रत्येक वेळी ओझरचा प्रश्न विचारायचा: इथे नुसती जोडणी होणार, की 'का' शिकायला मिळणार?

देणारा लोकशाही आहे की हुकूमशाही, यावरून तो आपल्याला काय देईल हे ठरत नाही, ते त्याच्या गरजेवर ठरतं. नाशिकच्या गोष्टीने मला तरी हेच शिकवलं. पण आपण लोकशाही आहोत की नाही, यावरून एक गोष्ट नक्की ठरते: चूक झाली की कुणाला विचारता येतं का. १७१ वैमानिकांचा आकडा सभागृहात वाचला गेला, यात अभिमान वाटण्यासारखं वरवर काही नाही. तरी तो वाचला गेला, आणि त्याआधीही असे प्रश्न विचारले गेले म्हणूनच ट्रेनर मिळालं.

तुमच्या घरात कुणी ओझरला काम केलं असेल, आजोबा, मामा, शेजारचे काका, तर त्यांच्याशी एकदा बसून बोला. रशियन ड्रॉइंग वाचायला ते कसे शिकले ते विचारा. आणि परवानगी असेल तर रेकॉर्ड करून ठेवा. ही माणसं आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.